बीदरहून नेरूळ

१८ मार्च २०२२ रोजी कोस्टारिकातल्या सान होसे शहरात ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडचा एक दौरा सुरू झाला. १२ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये तो संपला. ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’ हा त्यांचा अल्बम ऑक्टोबर २०२१ मध्ये आला होता. तो घेऊन क्रिस मार्टिन, जॉनी बकलंड, गाय बेरीमन आणि विल चॅम्पियन हे चौघं साडेतीन वर्षं पृथ्वीभर फिरले. मध्येच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ‘मून म्युझिक’ हा पुढचा अल्बमही येऊन गेला, तरी दौरा आधीच्याच नावानं चालू राहिला. सव्वा कोटीहून जास्त तिकिटं विकली गेली. इतके श्रोते याआधी कुठल्याही दौऱ्याला लाभले नव्हते.

अशा दौऱ्याला ‘वर्ल्ड टूर’ म्हणतात. त्या वर्ल्डमध्ये भारताच्या वाट्याला पाच रात्री आल्या: जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नवी मुंबईत नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, आणि २५ व २६ तारखेला अहमदाबादचं नरेंद्र मोदी स्टेडियम. अबू धाबीहून ते आले, आणि एप्रिलमध्ये हाँगकाँगला आणि सोलजवळ पुन्हा उभे राहिले.

मी बीदर जिल्ह्यातला. आमचा जिल्हा कर्नाटकाच्या नकाशात अगदी वर, टोकाला आहे. हैदराबाद इथून १४० किलोमीटर. मुंबई साडेसहाशेच्या पुढे, आणि आमची राजधानी बंगळूरही जवळपास तितकीच लांब. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, मग हैदराबाद राज्यात, आणि १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी, हे आमच्याकडच्या पोराला चालायला लागल्यापासून ठाऊक असतं. गाणं ऐकायला गाव सोडावं लागतं हेही त्याला तितक्याच लवकर कळतं. या लेखात मला त्याविषयी लिहायचं आहे. जगभर फिरणारं गाणं कुठल्या वाटेनं फिरतं, आणि ती वाट आमच्यासारख्या जिल्ह्यांना वळसा घालून का जाते?

माझी भाची भालकीची. शिक्षण संपल्यावर ती पुण्याला नोकरीला लागली. आमच्याकडची निम्मी तरुण मुलं पुण्याला नाहीतर हैदराबादला असतात. २२ सप्टेंबर २०२४ च्या रविवारी ती सुट्टीला घरी आली होती. दुपारी १२ वाजता ‘बुकमायशो’वर तिकीटविक्री उघडणार होती. सकाळपासून तिनं दोन फोन आणि वडिलांचा लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवले होते. मी विचारलं, “काय करूलालीस गं?” ती म्हणाली, “रांगेत उभी हाय मामा.”

बारा वाजले आणि तिच्यापुढं लाखो माणसं असल्याचा आकडा पडद्यावर आला. त्या दुपारी एक कोटीहून जास्त लोकांनी तिकिटासाठी धडक मारल्याचं नंतर छापून आलं. आधी दोनच रात्री जाहीर होत्या, गर्दी पाहून त्याच दिवशी २१ तारखेची तिसरी रात्र जोडली गेली. तिकिटं अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होती. ती बघता बघता संपली, आणि थोड्याच वेळात दुसऱ्या संकेतस्थळांवर तीच तिकिटं लाखांच्या घरात विकायला निघाली. पुढं मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं ‘बुकमायशो’च्या प्रमुखांना चौकशीला बोलावलं, ईडीनं छापे घातले, उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. न्यायालयानं ती फेटाळताना हा विषय कायदेमंडळाचा आहे असं सांगितलं. भाचीला त्या रविवारी काही मिळालं नाही. नंतर पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या चौकडीत एक जागा रिकामी झाली, तेव्हा २१ तारखेचं तिकीट तिच्या हाती आलं, छापील किमतीला. या खेपेला काळ्या बाजाराला हात न लावता गेलेले जे काही लोक असतील, त्यांत ती एक आहे याचा मला अभिमान वाटतो.

अल्बम आणि दौरा यांचं नातं गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पार उलटं झालं आहे. पूर्वी तबकडी विकली जावी म्हणून बँड गावोगाव फिरायचे. दौऱ्यात तोटा आला तरी चालायचं, कमाई तबकडीतून व्हायची. गाणी इंटरनेटवर जवळपास फुकट मिळू लागल्यावर अल्बम ही दौऱ्याची जाहिरात झाली आणि कमाई स्टेडियममध्ये गेली. हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण दौरा कुठं थांबणार हे त्यावरच ठरतं. ‘द पोलीस’ हा इंग्लिश बँड मार्च १९८० मध्ये मुंबईला आला तेव्हा तो त्यांच्या ‘रेगाटा दे ब्लांक’ या दुसऱ्या अल्बमचा दौरा होता. बोलावणारी संस्था होती टाइम अँड टॅलंट्स क्लब, पारशी महिलांच्या पुढाकारानं चालणारी, धर्मादाय कामासाठी कार्यक्रम करणारी. तीन माणसांचा बँड, आटोपशीर सामान. स्टिंग आणि त्याचे सोबती मुंबईहून पुढं कैरोला, अथेन्सला गेले. त्या वाटेवर रॉक बँड सहसा जात नसत. हिशोबाच्या पलीकडं जाऊन नवा श्रोता शोधायची हौस त्या दौऱ्यात होती.

त्यानंतरची मुंबईची यादी मराठी वाचकाला पाठ आहे. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन, ‘हिस्टरी’ अल्बमच्या दौऱ्यावर. त्या कार्यक्रमाची करमणूक कराची माफी कोर्टात गेली आणि तो प्रश्न निकाली निघायला २०२१ उजाडलं. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स, आधी बंगळूरला आणि मग ब्रेबॉर्नवर. १५ डिसेंबर २०१९ ला ‘यू टू’ नेरूळच्या याच मैदानात. १९८७ च्या ‘द जोशुआ ट्री’ अल्बमसाठी काढलेल्या दौऱ्याचा तो शेवटचा कार्यक्रम होता. कोल्डप्लेही नोव्हेंबर २०१६ मध्ये एकदा वांद्रे-कुर्ला संकुलात गाऊन गेले होते. त्याआधी त्यांच्या एका गाण्याचं चित्रीकरण वरळीत आणि वसईच्या किल्ल्यात झालं होतं. ही सगळी गावं आणि मैदानं पाहिली की दिसतं: मुंबई, बंगळूर. २०२५ मध्ये अहमदाबाद त्यात आलं ते लाखभर माणसं बसवणारं स्टेडियम असल्यामुळं. रंगमंच, पडदे, दिवे, ध्वनियंत्रणा हा सगळा संसार ट्रक, जहाज आणि विमानानं फिरवायचा, तो दिवसचे दिवस खपून उभा करायचा, दोन-तीन रात्री गायचं आणि पुन्हा उतरवायचा. इतका खर्च भरून काढायला एका ठिकाणी पन्नास हजार ते लाख माणसं लागतात. आमच्या बीदर शहराची लोकसंख्याच दोन-अडीच लाख.

आता कोल्डप्लेच्या या दौऱ्याबद्दल मला जे सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘एव्हरीडे लाइफ’ हा त्यांचा अल्बम आला, तेव्हा क्रिस मार्टिननं जाहीर केलं की या वेळी दौरा नाही. दौऱ्यानं पर्यावरणाचं नुकसान होतं. ते कमी कसं करायचं, शक्य तर त्यातून काही भलं कसं साधायचं, हे कळेपर्यंत थांबायचं. त्याऐवजी त्यांनी जॉर्डनची राजधानी अम्मान इथं दोनदा गाणी म्हटली, एकदा सूर्योदयाला आणि एकदा सूर्यास्ताला, आणि ती इंटरनेटवरून जगाला दाखवली. जगातल्या सर्वांत मोठ्या बँडपैकी एकानं ऐन भरात असं थांबणं, याची मला फार किंमत वाटते.

दोन वर्षांनी ते पुन्हा निघाले ते एक वचन देऊन: २०१६-१७ च्या दौऱ्याच्या तुलनेत कार्बन उत्सर्जन निम्म्यावर आणायचं. बीएमडब्ल्यूच्या गाड्यांतल्या जुन्या बॅटऱ्या घेऊन त्यांनी रंगमंचासाठी फिरती बॅटरीव्यवस्था केली. मैदानात अशी जमीन बसवली की तिच्यावर माणसं नाचली की थोडी वीज तयार व्हावी. पायडल मारून वीज भरायच्या सायकली ठेवल्या. प्रत्येक तिकिटामागं एक झाड. श्रोत्यांच्या मनगटावर चमकणारी पट्टी वनस्पतीजन्य प्लॅस्टिकची, आणि ती जाताना परत द्यायची. कुठल्या शहरानं किती टक्के पट्ट्या परत केल्या हे पडद्यावर झळकायचं. जून २०२४ मध्ये त्यांनी हिशोब मांडला: पहिल्या दोन वर्षांत दर कार्यक्रमामागचं थेट उत्सर्जन ५९ टक्क्यांनी घटलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या अभ्यासकांनी तो हिशोब तपासला होता.

टीकाही झाली, आणि ती रास्त होती. विमानांसाठी ज्या फिनिश कंपनीचं जैवइंधन त्यांनी घेतलं, तिच्या कच्च्या मालाचा जंगलतोडीशी संबंध असल्याचा आक्षेप युरोपातल्या पर्यावरण संघटनांनी २०२२ मध्ये घेतला. पण माझं लक्ष त्याहून एका साध्या गोष्टीकडं जातं. त्या ५९ टक्क्यांत बँडचा प्रवास आहे, सामानाची वाहतूक आहे, रंगमंचाची वीज आहे. श्रोत्यांचा प्रवास त्यात नाही. तो वेगळा मोजला जातो, आणि मोठ्या कार्यक्रमांच्या हिशोबात बहुतेक वेळा तोच सर्वांत मोठा असतो. माझी भाची पुण्याहून गेली, तिच्या चौकडीतली एक मुलगी हैदराबादहून विमानानं आली. कलबुर्गीहून उद्यान एक्स्प्रेसनं गेलेले होते, बीदर-मुंबई गाडीनं उदगीर, लातूर, कुर्डुवाडी करत रात्रभर बसून गेलेले होते. अहमदाबादसाठी तर रेल्वेनं मुंबईहून खास गाड्या सोडल्या. चार माणसं आणि त्यांचं सामान हलवण्याऐवजी लाख माणसं हलवायची, ही या सगळ्या मांडणीच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे. बॅटरी कितीही चांगली असली तरी ती याला पुरी पडत नाही.

आणि आमच्या भागाला हे उलट्या बाजूनं ठाऊक आहे.

सन १४७० च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी बहामनींच्या राजधानीत, बीदरला आला. चौलच्या बंदरात उतरून, जुन्नरला पावसाळा काढून, विकायला आणलेला एक घोडा घेऊन. त्यानं आपल्या वहीत बीदरच्या दरबाराचं वर्णन केलं आहे, आणि एका जत्रेचंही. ती जत्रा आळंदची, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदची, तिथल्या सूफी संताच्या नावानं भरणारी. वर्षातून एकदा, दहा दिवस. साऱ्या मुलखातून लोक तिथं येतात, वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असं तो लिहितो. तेव्हा जगाचा दौरा आळंदला थांबत होता. राजधानी इथं होती, पैसा इथं होता, म्हणून जग इथं होतं, हेही खरं. आता पैसा नेरूळला आहे.

पण राजधानी गेल्यावरही जत्रेची वाट मोडली नाही. कलबुर्गीला शरणबसवेश्वरांची जत्रा भरते, तिथं कन्नड कंपनी नाटकवाले तंबू ठोकतात. भालकीजवळ खानापूरला मैलार मल्लण्णा आहे, आमच्या तोंडी तो खंडोबाच. तिथं वाघ्या-मुरळी येतात आणि मराठी-कन्नड दोन्हीत गातात. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात असते. मराठवाड्यातून, तेलंगणातून, आमच्याकडून माणसं बैलगाडीनं जायची, आता जीपनं जातात. घोडे, उंट, गाढवं विकली जातात, आणि रात्री तमाशाचे फड लागतात.

तमाशाचा फड ही वर्ल्ड टूरइतकीच कडक बांधणीची गोष्ट आहे, हे ज्यांनी तो जवळून पाहिला नाही त्यांना पटणार नाही. दसऱ्याला फड बाहेर पडतो. कलावंत, वादक, तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हर, सारी बिऱ्हाडं ट्रकमध्ये. पुण्याजवळ नारायणगावला, त्याच जुन्नर तालुक्यात जिथं निकितिननं पावसाळा काढला होता, फडांच्या राहुट्या लागतात. पाडव्याच्या सुमाराला गावोगावचे पुढारी तिथं येतात आणि चैत्रातल्या यात्रांची सुपारी ठरते. मग वैशाखापर्यंत रोज नवं गाव. रात्री खेळ, पहाटे तंबू उतरवायचा, दुपारी पुढच्या गावात उभा करायचा. इथं श्रोता चार-पाच कोस चालतो, फड शेकडो किलोमीटर. प्रवासाचं ओझं कलावंताच्या पाठीवर असतं. तमाशातल्या बायकांनी हे ओझं कुठल्या हालात वाहिलं, विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावंतिणीच्या वाट्यालाही म्हातारपणी काय आलं, हे विसरून या पद्धतीचं कौतुक करता येणार नाही. म्हणून मला जुनं परत आणायचं नाही. मला एवढंच दिसतं की गाणं श्रोत्याच्या दारात नेण्याचं शास्त्र या मातीनं शेकडो वर्षं घोटलेलं आहे, आणि ते कुणी विचारायला येत नाही.

तिसरी वाट माणिकनगरची. हुमनाबादजवळ १८४५ साली माणिकप्रभूंनी ही वस्ती केली. त्यांचा जन्म १८१७ चा, बसवकल्याणजवळ लाडवंतीचा. मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांत त्यांनी पदं रचली. हिंदू आणि मुसलमान दोघंही त्यांच्या दरबारात यायचे, आणि गवई यायचेच. १८६५ ला त्यांनी समाधी घेतली. तेव्हापासून दत्तजयंतीच्या उत्सवात तिथं गाण्याची रात्र होत आली आहे. नामवंत हिंदुस्थानी गायक-वादकांनी या गादीपुढं हजेरी लावली आहे. हजेरीला तिकीट नसतं. लहानपणी मी वडिलांच्या मांडीवर तिथं ऐकलेलं गाणं कुणाचं होतं ते मला आठवत नाही, पण पुढं बसलेला म्हातारा हमाल समेवर मान हलवत होता ते आठवतं. त्या मैफलीत पुढची जागा पस्तीस हजारांची नव्हती.

२६ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ. अहमदाबादचा कार्यक्रम हॉटस्टारवर थेट दाखवला जाणार होता. भाची दोन दिवसांच्या सुट्टीला जोडून भालकीला आली होती, कारण नेरूळ तिनं पाहिलं होतं पण आई-बापाला दाखवायचं होतं. घरातल्या टीव्हीला फोन जोडला. शेजारची चार पोरं, तिचे आजोबा, मी. लाखाहून जास्त माणसांच्या मनगटांवरचे दिवे एका तालात रंग बदलत होते. आजोबांनी विचारलं, “एवढी माणसं जत्रंला आलीत का?” आणि भाची म्हणाली, “होय आबा, जत्राच हाय.” नेरूळच्या कार्यक्रमात मार्टिन मुंबईकरांशी दोन वाक्यं मराठीतून बोलला, ती तिनं फोनवर टिपून आणली होती. ती तिनं आबांना तीनदा ऐकवली. सीमेच्या या बाजूला मराठीची पाटीसुद्धा विचार करून लावावी लागते. ब्रिटिश गायकाच्या तोंडून आपली भाषा ऐकताना त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलं आहे. त्यामुळं ‘हे सगळं तरुणांचं खूळ’ असं कुणी म्हटलं की मला ते सहन होत नाही.

तिला मी विचारलं, टीव्हीवर आणि तिथं काय फरक? ती बराच वेळ बोलली. आवाज छातीत कसा वाजतो, अनोळखी मुलीनं खांद्यावर हात कसा टाकला, एका गाण्याला सगळ्यांनी फोन खिशात ठेवले तेव्हा काय वाटलं. मग म्हणाली, “मामा, तिथून निघाले तर नेरूळ स्टेशनवर सगळी गातच होती. इथं टीव्ही बंद केला की संपलं.”

जानेवारी २०२५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी भुवनेश्वरच्या भाषणात याच मुंबई-अहमदाबादच्या गर्दीचा दाखला देऊन ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा उल्लेख केला, राज्यांनी त्याकडं लक्ष द्यावं असं सांगितलं. त्याच आठवड्यात एड शीरन या ब्रिटिश गायकाचा भारतदौरा पुण्यात सुरू झाला. २ फेब्रुवारीला तो हैदराबादला रामोजी फिल्म सिटीत होता, पुढं शिलाँगलाही. शिलाँगचं नाव मला महत्त्वाचं वाटतं. ते महानगर नाही. तिथं गाण्याची भूक आहे आणि ती भूक राज्यानं ओळखली, म्हणून दौरा तिथं वळला. बंगळूरला हाच शीरन चर्च स्ट्रीटच्या फुटपाथवर गिटार घेऊन गायला उभा राहिला तेव्हा पोलिसानं वायर काढली. परवानगी होती की नव्हती यावर दोन्ही बाजू आपापलं सांगत राहिल्या. माझ्या मनात एवढंच आलं की एक गिटार, एक माइक आणि पन्नास माणसं, इतक्यातही गाणं होतं, आणि नेमकं तेच आपण बसू देत नाही.

कोल्डप्ले बीदरला यावं अशी माझी मागणी नाही. पण लाखाचं स्टेडियम आणि घरातला टीव्ही यांच्या मधली जागा आमच्याकडं पूर्ण रिकामी आहे. बीदरच्या किल्ल्यात उत्सव भरवता येतो, जानेवारी २०२३ मध्ये तो तीन दिवस झाला, मैदान माणसांनी भरलं. पण तो सरकारच्या मनात आला तर होतो, नाहीतर वर्षानुवर्षं होत नाही. कलबुर्गीला २०१९ मध्ये विमानतळ झाला. बीदर-कलबुर्गी रेल्वे २०१७ ला सुरू झाली आणि हुमनाबाद त्या मार्गावर आलं. पाचशे माणसं बसतील, आवाज नीट ऐकू येईल आणि तारखा वर्षभर आधी ठरलेल्या असतील अशी एक जागा बीदरला, एक कलबुर्गीला, एक लातूरला, एक नांदेडला असती, तर पुण्या-हैदराबादचे पाच-पाच जणांचे बँड एका व्हॅनमधून आठवड्यात चार गावं करू शकले असते. मराठीत गाणारे, कन्नडमध्ये गाणारे, दखनीत रॅप करणारे. फडाचा रस्ता तोच आहे, नारायणगावहून निघणारा. राज्याची सीमा त्याला कधी आडवी आली नाही.

भाचीच्या डोक्यात हेच चाललं आहे. पुण्यात तिच्या ओळखीचं एक मराठी-कन्नड गाणारं तरुण त्रिकूट आहे; त्यांना भालकीत आणायचं, एका मंगल कार्यालयात, लग्नसराई नसेल त्या तारखेला. ध्वनिक्षेपकवाल्याशी बोलणी झाली आहेत, पोलीस परवानगीचा अर्ज कुणाकडं द्यायचा ते तिनं मला विचारलं आहे. तिकीट शंभर रुपये. त्याआधी दत्तजयंती आहे, आणि ते तिघं माणिकनगरला हजेरी ऐकायला यायचं म्हणताहेत. बीदरहून हुमनाबादला सकाळची गाडी आहे का ते मी पाहून ठेवतो आहे.